डोक्यात रक्तस्राव झालाय, मग गुठळी रोखायचं इंजेक्शन कशाला?

पत्र:

सप्रेम नमस्कार. माझे बाबा ६४ वर्षांचे आहेत. आठ दिवसांपूर्वी बीपी एकदम वाढून त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. डावा हात आणि डावा पाय हलत नाही, बोलणं अडखळतं, पण आम्हा सगळ्यांना ओळखतात. ऑपरेशनची गरज पडली नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "दुसरा सीटी स्कॅन ठीक आहे. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आता पोटात रोज एक छोटं इंजेक्शन सुरू करू." धाकट्या भावाने तिथेच नकार दिला. त्याचं म्हणणं, डोक्यात रक्त सांडलंय आणि हे रक्त पातळ करायला निघालेत. नकाराच्या कागदावर सहीही त्यानेच केली. पायांना हवेच्या पट्ट्यांचं मशीन लावलंय, पण त्याच्या आवाजाने बाबांना झोप लागत नाही, म्हणून रात्री आम्हीच पट्ट्या काढून ठेवतो. त्याऐवजी काकांनी मांडीपर्यंत येणारे घट्ट मोजे आणलेत. आत्या म्हणते, पाय रोज चोळून दिला की गुठळी होत नाही. आता वॉर्डात हलवलंय आणि डॉक्टरांनी इंजेक्शनबद्दल पुन्हा विचारलंय. आमचं चुकलं का? उशीर झालाय का? बाबा आधी ॲस्पिरिनही घेत होते, ती आता कायमची बंद का?

(नाव छापू नये.)

उत्तर:

ताई, तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी दोन ओळींत कळवलं होतं, तेच इथे पुन्हा लिहितो. सिस्टरना आधी दोन्ही पाय नीट दाखवा, आणि त्यांनी हरकत घेतली नाही तर आज रात्रीपासून पट्ट्या काढू नका. सकाळच्या राउंडला भावाला सोबत घेऊन इंजेक्शनचा विषय पुन्हा काढा. दिलेला नकार कधीही मागे घेता येतो. उशीर झालेला नाही, पण अजून चार दिवस विचार करण्यात घालवू नका.

भावाला रागावू नका. त्याचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. याच भीतीपोटी डॉक्टर मंडळींनीही अनेक वर्षं या इंजेक्शनबाबत हात आखडता घेतला होता, आणि आजही एखादा न्यूरोसर्जन आणि एखादा फिजिशियन याच मुद्द्यावर वाद घालताना दिसतात. फरक इतकाच की त्यांचा वाद बहुतेक वेळा "द्यायचं की नाही" यावर नसतो, "आज की उद्या" यावर असतो. तुमच्या घरातलं बोलणंही तिथवर आलं तर पुढचं सोपं होईल.

भाऊ ज्या धोक्याला घाबरलाय तो त्याने डोळ्यांनी पाहिलाय. सीटीच्या फिल्मवर ताजं रक्त पांढरं दिसतं. डॉक्टरांनी बोट ठेवून "हा इथे" म्हणून दाखवलं असेल, आणि तो डाग मनातून जात नाही. पायातल्या गुठळीची फिल्म कोणी दाखवलेली नाही, कारण ती अजून झालेलीच नाही. पण रक्तस्रावातून वाचलेला, बोलायला लागलेला माणूस दहाव्या-बाराव्या दिवशी अचानक धाप लागून कोसळतो, तेव्हा पायात झालेली आणि कोणाच्या लक्षात न आलेली गुठळी हे त्याचं एक नेहमीचं कारण असतं.

ती होते कशी, ते जरा नीट समजून घ्या. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढतं ते मुख्यतः पोटरीच्या जोरावर. चालताना किंवा पाऊल नुसतं वरखाली केलं तरी पोटरीचे स्नायू आवळले जातात, त्यांच्यामधल्या खोल शिरा पिळल्या जातात, रक्त वर ढकललं जातं आणि शिरांमधल्या झडपा त्याला परत खाली येऊ देत नाहीत. बाबांचा डावा पाय लुळा आहे, म्हणजे त्या बाजूचं हे काम थांबलंय. उजवा पाय चांगला असला तरी माणूस दिवसभर आडवाच, त्यामुळे तोही अर्धवटच चालतोय. एकोणिसाव्या शतकातल्या रुडॉल्फ विर्खो या जर्मन डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाणारी गुठळीची तीन कारणं वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात: रक्त साचून राहणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणं. बाबांच्या बाबतीत पहिलं कारण तर उघडच आहे. तिसरंही आहे, कारण एवढा मोठा आघात झाला की शरीर रक्त गोठवणारी यंत्रणा जोरात चालू करतं, आणि ती डोकं सोडून बाकी ठिकाणी शांत राहत नाही. त्यात पाणी कमी पडलं, ताप आला, मांडीच्या शिरेत सलाईनची मोठी नळी घातलेली असली की भर पडते. लुळ्या पायात शक्यतो सुई टोचू नये म्हणतात ते याचसाठी.

गुठळी पोटरीत बसून राहिली तर पाय सुजतो. ती वर मांडीपर्यंत वाढली आणि तिचा तुकडा सुटला, तर तो हृदयाच्या उजव्या बाजूतून थेट फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो. मोठा तुकडा असेल तर काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं.

आता दिवसांचा हिशेब बघू, कारण भावाला पटवायचं असेल तर याच मुद्द्यावर पटेल. मेंदूत शीर फुटल्यावर रक्तस्राव आणखी वाढण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो पहिल्या काही तासांत. पहिला दिवस उलटला की तो झपाट्याने उतरतो. म्हणून तर सुरुवातीला डॉक्टर बीपीच्या मागे हात धुऊन लागतात, आणि नंतर पुन्हा सीटी काढून पहिला डाग आणि दुसरा डाग शेजारी-शेजारी ठेवून बघतात: वाढलाय की तेवढाच आहे? बाबांचा तेवढाच होता. गुठळीचं नेमकं उलट आहे. पहिल्या दिवशी तिची शक्यता कमी असते, रुग्ण पडून राहतो तसतशी ती चढत जाते आणि पुढचे काही आठवडे चढीच राहते. तिसऱ्या दिवशी डॉक्टर तुमच्याकडे आले ते उगाच नाही. एक धोका उतरलेला आणि दुसरा चढायला लागलेला, असा तो दिवस होता.

अमेरिकेतल्या हार्ट असोसिएशन आणि स्ट्रोक असोसिएशन यांनी २०२२ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावावर ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही हाच क्रम आहे. चालू न शकणाऱ्या रुग्णाला निदान झालेल्या दिवसापासूनच हवेच्या पट्ट्या लावा, हे त्या ठामपणे सांगतात. गुठळी रोखणाऱ्या हेपरिन या औषधाचं कमी मात्रेचं इंजेक्शन उपयोगी ठरू शकतं आणि ते रक्तस्राव झाल्यापासून २४ ते ४८ तासांत सुरू करण्याचा विचार करता येईल, हे मात्र त्या बऱ्याच सावध शब्दांत म्हणतात. सावधपणाचं कारण असं की इंजेक्शन नेमकं कधी सुरू करावं यावरचे प्रयोग छोटे आहेत. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी हुकूम न सोडता तुम्हाला विचारलं, यात त्यांचा गोंधळ नव्हता. उपलब्ध पुरावा जेवढा ठाम आहे तेवढ्याच ठामपणे ते बोलले. मला विचाराल तर असं विचारणारा डॉक्टर मिळणं हे चांगलंच लक्षण.

मात्रेकडेही बघा. गुठळी होऊ नये म्हणून एनॉक्सापॅरिन हे हेपरिनच्याच घराण्यातलं औषध साधारणपणे दिवसातून एकदा ४० मिलिग्रॅम देतात. तेच औषध झालेल्या गुठळीवर उपचार म्हणून द्यायचं तर वजनाच्या दर किलोमागे १ मिलिग्रॅम, तेही दिवसातून दोनदा. म्हणजे ७० किलोच्या माणसाला दिवसाला १४० मिलिग्रॅम. डॉक्टर तुमच्याकडे मागत होते ती परवानगी ४० ची, आणि भाऊ घाबरला तो बहुधा १४० च्या कहाण्या ऐकून. शिवाय हे औषध डोक्यातलं साकळलेलं रक्त पुन्हा सैल करत नाही. गुठळी विरघळवणारी औषधं वेगळी. ती हार्ट अटॅकमध्ये किंवा मेंदूची धमनी बंद झाल्यावर शिरेतून देतात, आणि बाबांसारख्या रुग्णाला त्यांच्या जवळपासही नेत नाहीत. हेपरिन आणि त्याच्या घराण्यातली औषधं आपल्याच रक्तातल्या ॲन्टिथ्रॉम्बिन नावाच्या प्रथिनाला जोर देतात, आणि त्यामुळे नवी गुठळी जमण्याचं काम मंदावतं. एवढाच त्यांचा पराक्रम.

धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही, आणि कोणी म्हणत असेल तर त्याच्याकडे जरा संशयाने बघा. काही रुग्णांत थांबणंच शहाणपणाचं असतं: दुसऱ्या सीटीत रक्तस्राव वाढलेला दिसला, बीपी अजून उड्या मारतंय, प्लेटलेट्स कमी आहेत, डोक्यात नळी घालायची किंवा काढायची आहे, किंवा रुग्ण आधीपासून वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध घेत होता आणि त्याचा असर अजून पूर्ण उतरलेला नाही. उद्या राउंडला याच गोष्टी एकेक करून विचारा. किडनीचं विचारायला विसरू नका, कारण एनॉक्सापॅरिन बरंचसं किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी कमजोर असेल तर मात्रा कमी करतात किंवा साधं हेपरिन ५,००० युनिट दर ८ ते १२ तासांनी देतात. साध्या हेपरिनचा एक फायदा असा की गरज पडलीच तर प्रोटामिन नावाचं औषध देऊन त्याचा असर उतरवता येतो. भावाची धास्ती फारच असेल तर डॉक्टरांना हा पर्याय विचारायला त्याला सांगा. बऱ्याच घरांत एवढ्या एका माहितीने माणसाचे खांदे सैल झालेले मी पाहिलेत.

इंजेक्शन सुरू झालं तर पोटावर टोचलेल्या जागी छोटे निळे-जांभळे डाग पडतील. त्याने घाबरू नका आणि ती जागा चोळू नका, चोळल्याने डाग वाढतो. मधूनमधून प्लेटलेट्स तपासतात, कारण काही थोड्या रुग्णांत हेपरिनमुळेच त्या घसरतात, तेही साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान. रक्त का काढताय म्हणून तिथे सिस्टरशी भांडू नका.

आता पट्ट्यांकडे येतो. तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट इंजेक्शनाचा नकार नाही. रात्री पट्ट्या काढता, ती आहे.

या मशीनला घरचे लोक फारसं मोजत नाहीत. औषध नाही, सुई नाही, नुसती हवा भरतेय आणि सुटतेय. पण मेंदूत रक्तस्राव झालेल्या माणसासाठी याइतका भरवशाचा उपाय दुसरा नाही, आणि यात रक्तस्राव वाढण्याची भीतीच नाही. ब्रिटनमध्ये क्लॉट्स-३ नावाचा एक मोठा प्रयोग झाला, २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. स्ट्रोकनंतर, म्हणजे मेंदूची धमनी बंद झाल्यावर किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्यावर, हलू न शकणाऱ्या २,८७६ रुग्णांपैकी निम्म्यांना या पट्ट्या लावल्या, निम्म्यांना नाही. महिन्याभरात मांडीच्या भागातल्या मोठ्या शिरेत गुठळी झाली ती पट्ट्या नसलेल्या गटात १२.१ टक्के लोकांना आणि पट्ट्या असलेल्या गटात ८.५ टक्के लोकांना. आणि त्यांतल्या फक्त मेंदूत रक्तस्राव झालेल्यांचा हिशेब वेगळा काढला, तर फरक आणखी मोठा निघाला: १७ टक्क्यांवरून ७ टक्क्यांच्या आत. त्या रुग्णांची संख्या कमी होती, हे खरं. तरीही एवढा फायदा फुकट मिळत असेल तर तो रात्री खुंटीला टांगून ठेवण्यात काय अर्थ?

पट्टीचं काम बघण्यासारखं असतं. एकदा शांतपणे बाबांच्या पायाशी बसून हात लावून बघा. आधी घोट्याकडचा कप्पा फुगतो, मग पोटरीचा, मग मांडीचा, आणि मग सगळे एकदम सैल पडतात. रक्त खालून वर ढकललं जातं, म्हणजे पोटरीने जे करायचं तेच बाहेरून करून घेतलं जातं. पण पट्टी पायावर असेपर्यंतच. गोळीसारखा तिचा असर रक्तात उरत नाही. प्रत्यक्षात होतं काय, तर अंग पुसायला काढली, फिजिओथेरपीला काढली, स्कॅनला नेताना काढली, आणि परत लावायची कोणाची जबाबदारी हे न ठरल्यामुळे पलंगाच्या कठड्यावर लोंबकळत राहिली. मशीन मात्र चालूच, रिकाम्या पट्टीत हवा भरत बसलेलं. वॉर्डांमध्ये हे दृश्य इतकं नेहमीचं आहे की कोणाला त्यात वावगं वाटत नाही. तुम्ही घरात एक नियम करा: जो काढेल त्यानेच परत लावायची. पलंगाशी एक कागद चिकटवून काढल्याची आणि लावल्याची वेळ लिहीत चला, दोन दिवसांत शिस्त लागेल.

रात्रीच्या आवाजाचं काय? मशीन उशाकडे असेल तर पायाकडच्या बाजूला हलवायला सांगा. पलंगाच्या लोखंडी कठड्याला अडकवलेलं असेल तर थरथर पलंगभर पसरते, ते खाली ठेवता येईल का विचारा. नळी कुठे पिळवटली असेल तर मशीन वारंवार अलार्म देतं, आणि बऱ्याचदा झोपमोड होते ती याच अलार्मने. पट्टीचं माप मांडीच्या घेरावरून ठरतं. चुकीच्या मापाची असेल तर ती टोचते, घसरते. बाबांना त्रास कशाचा होतोय, आवाजाचा की आवळण्याचा की घामाचा, हे त्यांनाच विचारा. अडखळत का होईना, सांगतील. सिस्टर रोज पट्टी काढून टाच, घोटा आणि नडगीची कातडी बघतात ना, याकडेही लक्ष ठेवा, कारण त्या ब्रिटिश प्रयोगात पट्ट्यांमुळे कातडी सोलवटण्याचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं होतं. लुळ्या पायाला जखम झालेली कळत नाही.

एक महत्त्वाची गोष्ट. बाबांचे इतके दिवस इंजेक्शनाविना आणि रात्री पट्ट्यांविना गेले आहेत. त्यामुळे पायांची डॉपलर सोनोग्राफी (शिरांमधलं रक्त वाहतंय की अडलंय हे दाखवणारी) एकदा करून घ्यावी का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. आधीच गुठळी झालेल्या पायावर पट्टी लावत नाहीत. पायाच्या धमन्या फार अरुंद झाल्या असतील, पायावर जखम असेल किंवा हृदय कमजोर पडून दोन्ही पाय सुजलेले असतील, तेव्हाही नाही.

काकांच्या मोज्यांचं थोडक्यात. ते परत करा. घट्ट मोजे घालून गुठळी टळते हे ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या अनुभवावरून सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, डॉक्टरांनीसुद्धा. मग २००९ मध्ये क्लॉट्स-१ या प्रयोगात स्ट्रोकच्या २,५१८ रुग्णांवर ते तपासलं. मोजे घातले काय, न घातले काय, गुठळ्या जवळजवळ सारख्याच, दहा टक्क्यांच्या आसपास. उलट फोड, जखमा, कातडी मरणं हे प्रकार मोजेवाल्यांत ५ टक्के आणि बिनमोजेवाल्यांत १ टक्का. काकांनी मायेने आणलेत, त्यांचं मन दुखावू नका, पण त्या मोज्यांच्या भरवशावर पट्ट्या काढणं म्हणजे काम करणारी वस्तू सोडून न करणारी धरणं.

आत्यांच्या चोळण्याबद्दल जरा जास्त कडक बोलावं लागेल. लुळ्या पायाचे सांधे आखडू नयेत म्हणून फिजिओथेरपिस्ट जे सावकाश हलवायला शिकवतात ते जरूर करा. मात्र पोटरी दाबून, रगडून मालिश सध्या नको. आत गुठळी झालेली असेल आणि ती बाहेरून कळत नसेल, तर चोळल्याने ती सुटण्याची भीती असते. आत्यांना बाबांसाठी काहीतरी करायचंय, तर त्यांना उजव्या पायाचं काम द्या. बाबा जागे असताना तासातासाला त्यांना उजवं पाऊल वरखाली करायला लावायचं, आणि डाव्याचं तेच फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे हाताने हळू करून द्यायचं. गुडघ्याखाली जाड उशी कायमची खुपसून ठेवू नका, गुडघ्यामागची शीर दबते.

"उठवा, चालवा" म्हणून कोणी मागे लागलं असेल तर त्यातही थोडं तारतम्य हवं. पडून राहणं वाईट हे खरंच आहे. पण ॲव्हर्ट नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले, स्ट्रोकच्या पहिल्या २४ तासांतच रुग्णांना उठवून वारंवार उभं करायला लावलं, तर त्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्यांपेक्षा थोडी कमीच भरली. बाबांचा आठवा दिवस आहे, तो टप्पा केव्हाच मागे पडला. आता पलंगावर टेकून बसणं, मग पाय खाली सोडून बसणं, मग आधाराने उभं राहणं, फिजिओथेरपिस्ट सांगतील त्या वेगाने व्हायला हवं. पाणी पुरेसं जायला हवं, पण गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने पाजू नका. ठसका लागून पाणी फुप्फुसात गेलं तर नवीनच दुखणं मागे लागेल.

आणि रोज पायांवर नजर ठेवा. इतर माणसाला गुठळी झाली की पोटरी दुखते, तो ओरडतो. बाबांच्या डाव्या पायाची संवेदना कमी असेल तर ते ओरडणार नाहीत. म्हणून टेप वापरा. गुडघ्याच्या खाली समोर हाताला जो हाडाचा उंचवटा लागतो, तिथून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पायांवर पेनाने खूण करा आणि रोज एकाच वेळी तिथला घेर मोजून त्याच कागदावर लिहा. दोन पायांत ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला, किंवा एकच पाय गरम, लालसर, ताणलेला वाटला, तर पट्टी थांबवून लगेच सिस्टरना बोलवा. गुठळीचा संशय आला की करतात ती रक्ताची डी-डायमर तपासणी यात फार कामाची नाही, मेंदूत रक्तस्राव झाल्यावर तो आकडा बहुतेकांत वाढलेलाच असतो. खरं उत्तर डॉपलरच देते.

अचानक धाप लागणं, श्वास घेताना छातीत कळ येणं, नाडी विनाकारण धावणं, बोटाच्या चिमट्यावर ऑक्सिजन घसरणं, खोकल्यातून रक्त, भोवळ: यांतलं काही दिसलं तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. तिथल्या तिथे ड्युटीवरच्या डॉक्टरांना आणा. घरी गेल्यावर झालं तर तडक इमर्जन्सी.

समजा डॉपलरमध्ये गुठळी सापडलीच, तरी सगळे दरवाजे बंद होत नाहीत. मांडीपर्यंतची गुठळी असेल आणि पूर्ण मात्रेचं औषध देण्याइतका काळ रक्तस्रावानंतर लोटला नसेल, तर पोटातल्या मोठ्या शिरेत एक छोटी जाळी तात्पुरती बसवतात. सुटलेला तुकडा त्या जाळीत अडतो, फुप्फुसात जात नाही. पूर्ण मात्रेचं औषध साधारण एक ते दोन आठवडे थांबून सुरू करण्याचा विचार होतो, आणि औषध लागू पडलं की जाळी काढून घ्यायची असते. ती काढायची तारीख विचारून ठेवा. जाळी बसवलेली लोकांच्या लक्षात राहते, काढायची विसरतात.

"आमचं चुकलं का" याचं उत्तर तुम्हाला हवं असणार. तिसऱ्या रात्री आयसीयूच्या दारात, बापाचं काय होणार हे माहीत नसताना, पाचावर धारण बसलेल्या पोराने नकार दिला. मी त्याला चूक म्हणणार नाही. चूक होईल ती आता सगळं कळल्यावरही, आधी नाही म्हटलं होतं म्हणून आता हो कसं म्हणायचं, या अडीवर बसलात तर. राउंडला त्याला बोलू द्या, तुम्ही बोलू नका. सही त्याची आहे, प्रश्नही त्यालाच विचारू द्या.

ॲस्पिरिनचा विषय यापेक्षा वेगळा आहे, दोन्हींची सरमिसळ करू नका. पोटातलं इंजेक्शन बाबा अंथरुणाला आहेत तेवढ्या दिवसांपुरतं. ॲस्पिरिन होती ती हृदयासाठी किंवा मेंदूच्या धमन्यांसाठी, वर्षानुवर्षांची. ती "कायमची बंद" असं आज कोणी ठरवू नये, आणि घरच्या घरी कोणी चालूही करू नये. रेस्टार्ट नावाचा एक ब्रिटिश प्रयोग आहे, २०१९ चा. अशी औषधं घेत असताना मेंदूत रक्तस्राव झालेल्या ५३७ जणांपैकी ज्यांनी ॲस्पिरिन किंवा तत्सम गोळी पुन्हा सुरू केली, त्यांच्यात पुन्हा रक्तस्रावाचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. ती गोळी बाबांना मुळात कशासाठी दिली होती, मेंदूत नेमक्या कुठल्या भागात रक्तस्राव झाला आणि बीपी आता किती आटोक्यात आहे, यावर न्यूरोलॉजिस्ट आणि हृदयाचे डॉक्टर मिळून काही आठवड्यांनी ते ठरवतील. डिस्चार्ज कार्डावर त्याबद्दल एक ओळ लिहून मागा: ॲस्पिरिन बंद, पुन्हा विचार अमुक तारखेला. आणि तोवर घरातल्या औषधांच्या डब्यातली जुनी पाकिटं काढून बाजूला ठेवा, कारण बाबा घरी आले की सवयीने कोणीतरी सकाळची गोळी त्यांच्या हातावर ठेवेल.